लहान मुलांची दाढदुखी : उपचारानंतरचे दोन दिवस

पांच वर्षांच्या मुलाच्या खालच्या दाढेचें काम आटोपून आई त्याला दवाखान्याबाहेर आणते, तेव्हां मूल बहुधा खुशींत असतें. ओठ जड झाला आहे, बोलतांना जीभ अडखळते, याचीच त्याला मोठी गंमत वाटते. चार रात्री जागून काढलेल्या आईबापांनाही सुटल्यासारखें होतें. औषधाची चिठ्ठी पिशवींत पडते आणि "दुखलेंच तर देऊं" असें ठरतें. दोन-तीन तासांनीं बधिरपणा उतरतो, मूल गाल धरून रडूं लागतें, मग चिठ्ठीची शोधाशोध होते, कोणीतरी औषधाच्या दुकानाकडे धांवतो, आणि औषध पोटांत गेल्यावरही त्याचा गुण येण्यास आणखी अर्धा-पाऊण तास जातो. तेवढ्या अवधींत मुलाच्या मनांत एक गोष्ट पक्की होऊन बसते : दंतवैद्याकडे गेलें कीं दुखतें. पुढच्या वेळीं तें दाराशींच हातपाय आपटूं लागतें, आणि मोठेपणीं असह्य झाल्यावांचून दंतवैद्याची पायरी न चढणारीं जीं माणसें आढळतात, त्यांतील कित्येकांची हकीकत अशाच एखाद्या संध्याकाळीं सुरू झालेली असते. वस्तुतः हें रडणें बहुतांशीं टाळतां येण्याजोगें आहे.

रूट कॅनाल हा शब्द शहरांतील घराघरांत रुळला असला, तरी दुधाच्या दाढेवरही हा उपचार करतात हें ऐकून पुष्कळांना नवल वाटतें. जो दांत आज ना उद्यां पडणारच, त्यासाठीं एवढा खटाटोप कशाला, असा त्यांचा सवाल असतो. सवाल अगदींच गैर आहे असें नाहीं. दांत लवकरच पडावयाचा असेल, किंवा त्याच्या मुळाखालचें हाड रोगानें पोखरलें असेल, तर तो काढून टाकणेंच शहाणपणाचें. परंतु दुधाचे वीस दांत कांहीं एकाच वेळीं पडत नाहींत. पुढचे दांत सहाव्या-सातव्या वर्षीं हालूं लागतात, तर मागची दुसरी दाढ दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडांत राहते. पांचव्या वर्षीं ती गमावणें म्हणजे पुढचीं पांच-सहा वर्षें त्या बाजूनें नीट न चावणें. शिवाय त्या दाढेच्या मुळांच्या कुशींत पुढच्या पक्क्या दांताचा अंकुर वाढत असतो, आणि तिच्या मागें सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ उगवते. मधली जागा रिकामी झाली कीं ही कायमची दाढ पुढें सरकते, आणि खालून येणाऱ्या दांताची वाट अडते. जागा राखण्याच्या कामीं दुधाच्या दाढेइतका चांगला पहारेकरी दुसरा नाहीं.

दांताचें बाहेरचें कवच कठीण असलें, तरी आंत मऊ गाभा असतो; त्यांत रक्तवाहिन्या आणि ज्ञानतंतु असतात. कीड या गाभ्यापर्यंत पोंचली म्हणजे रात्रीं झोपेंतून उठविणारी कळ सुरू होते. गाभ्याचा वरचाच भाग बिघडला असेल तर तेवढाच काढून वर औषध घालतात. मुळांतील गाभाही नासला असेल, तर बारीक कानशींनीं मुळांच्या नळ्या साफ करून, धुवून, त्यांत लेप भरतात. मोठ्यांच्या दांतांत गटापर्चा नांवाचा रबरासारखा पदार्थ भरतात. दुधाच्या दांतांत तो चालत नाहीं. कारण या दांतांचीं मुळें पुढें शरीरानेंच विरघळवावयाचीं असतात, आणि आंतला लेपही त्यांच्याबरोबर विरघळला पाहिजे. म्हणून येथें झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलांतील युजेनॉल यांचा, किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि आयडोफॉर्म यांचा लेप वापरतात. वरून बहुधा स्टीलची टोपी बसवितात.

कीड हा शब्द येथें आलाच आहे तर थोडें विषयांतर क्षम्य ठरावें. दांतांत खरोखरच किडा असतो ही समजूत एकट्या महाराष्ट्राची नव्हे. बाबिलोनपासून युरोपपर्यंत ती हजारों वर्षें नांदली. १७२८ सालीं फ्रान्समधील प्येर फोशार याचा दंतवैद्यकावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यांत त्यानें ती नाकारली. शोधूनही त्याला किडा सांपडला नव्हता. दांत पोखरतात ते साखरेवर पोसलेल्या सूक्ष्म जंतूंनीं बनविलेल्या आम्लामुळें. मराठींत मात्र किडा गेला तरी कीड राहिली आहे. शब्दानें फारसें बिघडत नाहीं. किडा काढून दाखविणाऱ्या भोंदूपुढें मुलाला नेऊन बसविलें म्हणजे बिघडतें.

आतां एक साहजिक शंका. ज्या दाढेंतील ज्ञानतंतूच काढून टाकले ती मागाहून दुखते कशी? उत्तर असें कीं दुखते ती दाढ नव्हे, दाढेभोंवतालची जागा. प्रत्येक मूळ हाडाच्या खोबणींत एका पातळ, जिवंत पडद्यानें टांगलेलें असतें. या पडद्यांत ज्ञानतंतु भरपूर असतात. नळी साफ करतांना तिच्यांतील घाणीचे कण, धुण्याचें द्रव्य, किंवा भरलेला लेप मुळाच्या टोंकांतून यत्किंचित् बाहेर गेला, तरी या पडद्याचा दाह होतो. दुधाच्या दाढेंत हा धोका अधिक, कारण तिच्या मुळांचें टोंक कित्येकदां आधींच थोडेंसें विरघळलेलें असतें. म्हणजे नळीचें दार उघडेंच. दाह झालेली जागा सुजूं पाहते, पण भोंवतीं हाड असल्यामुळें तिला पसरावयास वाव नसतो, आणि दांतावर दांत टेकला कीं कळ येते. यांत हिरडीला बसलेला चिमटा, सुईची जागा आणि बराच वेळ तोंड उघडें ठेवल्यानें आंबलेला जबडा यांची भर पडते.

हें दुखणें बहुधा पहिल्या चोवीस तासांत सर्वांत अधिक असतें, दुसऱ्या दिवशीं ओसरूं लागतें आणि तिसऱ्या दिवसाअखेर जवळजवळ नाहींसें होतें. कोणत्या मुलाला तें अधिक होईल याचा उत्तम अंदाज एकाच गोष्टीवरून येतो : उपचारापूर्वीं दाढ किती दुखत होती. आठवडाभर ठणकत असलेली दाढ उपचारानंतरही बोलते. मूल थंड पाण्यानें दचकूं लागलें त्याच वेळीं त्याला दाखविलें असतें तर मागाहूनच्या दुखण्याचा मोठा भाग मुळांतच टळला असता, हें जितकें खरें, तितकेंच तें उपचाराच्या दिवशीं आईबापांना ऐकवणें व्यर्थ होय.

दंतवैद्याच्या हातीं कांहीं उपाय असतात. मुळाची लांबी यंत्रानें वा क्ष-किरणांच्या छायाचित्रानें आधीं मोजली, म्हणजे कानस टोंकाबाहेर जात नाहीं. धुण्याचें द्रव्य जोरानें न दाबतां हळूहळू सोडलें, तर तें नळींतच राहतें. हातानें फिरविण्याच्या कानशींऐवजीं यंत्रावर फिरणाऱ्या लवचिक कानशी वापरल्या असतां काम लवकर होतें, आणि दुधाच्या दाढांवर झालेल्या कांहीं चाचण्यांत पहिल्या दिवसाचें दुखणेंही कमी आढळलें आहे. वरचें भरण उंच राहिलें नाहीं ना, हें चावून पाहणें तर अगदीं शेवटचें पण मोलाचें काम. स्टीलची टोपी पहिले कांहीं दिवस थोडी उंच लागते आणि मुलाच्या तोंडाला तिची संवय होते. परंतु भरणच उंच राहिलें असेल तर तें घांसून घेईपर्यंत कोणतेंही औषध पुरें पडत नाहीं.

मुलांच्या वेदनेविषयीं मोठ्यांच्या मनांत एक जुनी उदासीनता आहे, आणि ती केवळ अडाण्यांची नव्हे. १८८४ सालीं व्हिएन्नामध्यें कार्ल कोलर यानें कोकेननें डोळा बधीर करून दाखविला. तेंच तत्त्व लवकरच दांतांच्या कामीं आलें, पुढें नोव्होकेन निघालें, आणि १९४३ सालीं स्वीडनमध्यें निल्स लोफग्रेन यानें लिग्नोकेन तयार केलें, जें आजही दवाखान्यांत सर्रास वापरतात. साधनें अशीं हातीं येत गेलीं. परंतु अगदीं तान्ह्या मुलांना वेदना पुरत्या जाणवत नाहींत, ही समजूत वैद्यकांत १९८० नंतरही टिकून होती, आणि कित्येक तान्ह्या मुलांवर पुरेशा वेदनाशामकाविना शस्त्रक्रिया होत. १९८७ सालीं ऑक्सफर्ड येथें के. जे. एस. आनंद आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं शस्त्रक्रियेच्या वेळीं वेदनाशामक मिळालेल्या अकालीं जन्मलेल्या मुलांच्या शरीराला धक्का कमी बसतो, आणि मागाहूनचे उपद्रवही त्यांना कमी होतात. घरांतलें "मुलंच तीं, विसरतील" हें वाक्य त्याच उदासीनतेचें सौम्य रूप आहे.

घरच्या कामाची सुरुवात बधिरपणा असतांनाच होते. खालच्या जबड्याला दिलेल्या इंजेक्शनचा दांतावरील परिणाम लवकर ओसरला, तरी ओठ व जीभ तीन-चार तास, कधीं अधिकही, बधीर राहतात. या वेळांत मूल गंमत म्हणून ओठ चघळतें, आणि दुसऱ्या दिवशीं ओठ सुजून त्यावर पांढरट-पिवळा थर येतो. घरचीं माणसें त्याला पू समजून घाबरतात. तो पू नव्हे, भरून येणारी जखम होय, आणि ती एक-दोन आठवड्यांत बरी होते. पण पहिले दिवस ती दाढेपेक्षांही अधिक दुखते. म्हणून बधिरपणा पुरता उतरेपर्यंत चावण्याचे पदार्थ नकोत, कढत दूध वा चहा नको, आणि मूल डोळ्यांसमोर हवें. गार दूध, ताक, पातळ केलेला दहीभात एवढ्यावर त्याचें भागतें.

औषधाची पहिली मात्राही याच वेळांत, बधिरपणा असतांनाच, पोटांत गेली पाहिजे. घरीं पोंचल्यावर थोडें दूध देऊन लगेच ती द्यावी. म्हणजे बधिरपणा उतरतो त्या सुमारास औषधाचा अंमल चढलेला असतो. एकदां कळ पुरती उसळली, मूल रडून थकलें, झोप उडाली, म्हणजे तीच मात्रा अपुरी वाटते. त्यानंतर पहिला दिवस मुलाच्या रडण्याकडे न पाहतां घड्याळाकडे पाहून औषध द्यावें, रात्रीं झोपण्यापूर्वीची मात्रा विशेषेंकरून चुकवूं नये. दुसऱ्या दिवसापासून गरजेपुरतें. उपचाराच्याही आधीं औषध देऊन ठेवल्यानें मुलांना अधिक फायदा होतो कीं काय, याचा कॉक्रेन संस्थेनें २०१६ सालीं आढावा घेतला. पण उपलब्ध चाचण्यांवरून निश्चित उत्तर निघालें नाहीं. तेव्हां तो निर्णय दंतवैद्याचा.

औषधें मुख्यतः दोन : पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन. अमेरिकन डेंटल असोसिएशननें २०२३ सालीं मुलांच्या तीव्र दंतवेदनेसाठीं जी मार्गदर्शिका मान्य केली, तिनें दांत काढल्यानंतरच्या आणि उपचार मिळेपर्यंतच्या दुखण्यासाठीं याच दोहोंवर, एकेकटें किंवा जोडीनें, भर दिला आहे. मात्रा ठरते ती वयावरून नव्हे, वजनावरून. पॅरासिटामॉल दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्यें सहा तासांचें अंतर धरावें म्हणजे चोवीस तासांत चार मात्रा होतात. आयबुप्रोफेन दर किलोला ५ ते १० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांनीं, आणि कांहींतरी खाल्ल्या-प्यायल्यावर.

येथेंच घरोघर घोटाळा होतो. पॅरासिटामॉलच्या बाटल्या बाजारांत निरनिराळ्या ताकदीच्या मिळतात : कांहींच्या ५ मिलिलिटरांत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतात, तर कांहींच्या तेवढ्यांतच २५०. मुलाचें वजन १६ किलो धरलें तर १५ च्या हिशेबानें त्याला २४० मिलिग्रॅम हवेत. पहिल्या बाटलींतून हें औषध १० मिलिलिटर होतें, दुसरींतून पांचाहूनही किंचित् कमी. "मागच्या खेपेला एक चमचा दिला होता" या आठवणीवर विसंबलें, तर बाटली बदलतांच मूल एक तर अर्ध्या मात्रेवर रडत राहतें, नाहीं तर दुप्पट मात्रा घेतें. त्यांत घरचे चमचे कोणते लहान, कोणते मोठे. म्हणून बाटलीवरचा आंकडा वाचावा, बाटलीबरोबर आलेल्या मापानेंच किंवा सुई नसलेल्या पिचकारीनें औषध मोजावें, आणि दिल्याची वेळ कागदावर लिहून ठेवावी. घरांत आजी, आई आणि बाबा असे तिघे औषध देणारे असतील तर हा कागद फारच उपयोगी पडतो. दोन्ही औषधें एकत्र असलेल्या बाटल्याही मिळतात, आणि सर्दीच्या कित्येक औषधांतही पॅरासिटामॉल असतें. तें नकळत दोनदां पोटांत गेलें तर यकृताला अपाय होतो.

कांहीं औषधें मुलांना द्यावयाचींच नाहींत. ॲस्पिरिन नको, कारण त्याचा रेय नांवाच्या एका घातक विकाराशीं संबंध आढळला आहे. हा विकार १९६३ सालीं प्रथम वर्णिला गेला. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास भारत सरकारनें २०११ सालीं बंदी केली आहे. तेव्हां मोठ्यांच्या डब्यांतली गोळी अर्धी मोडून देण्याची रीत सोडावी. आयबुप्रोफेन चांगलें खरें, परंतु मूत्रपिंडाचा विकार, वेदनाशामकांनीं बळावणारा दमा, किंवा उलट्या-जुलाबांनीं आलेला शोष असेल तर तें टाळावें. आणि पावसाळ्यांत ताप असून डेंग्यूची शंका असेल तर कधींच देऊं नये.

प्रतिजैविक औषधांविषयीं एक भ्रम शिकलेल्या घरांत विशेष दृढ आहे. डॉक्टरनें तीं लिहून दिलीं नाहींत तर उपचार अर्धवट झाला असें वाटतें, आणि मग शेजाऱ्याच्या उरलेल्या बाटलीचा आधार घेतला जातो. हीं औषधें जंतूंवर चालतात, वेदनेवर नव्हे. चेहऱ्यावर पसरणारी सूज किंवा ताप असेल तेव्हां त्यांची गरज असते. साध्या दुखण्यांत त्यांनीं दाह कमी होत नाहीं. जुलाब मात्र लागतात.

लवंगेच्या तेलाचें तसेंच. दंतवैद्याच्या लेपांत लवंगेचा अर्क असतो म्हणून घरींही तेलाचा बोळा ठेवण्याचा मोह होतो. लेपांत तो झिंक ऑक्साइडशीं बांधला गेलेला असतो. बाटलींतलें निर्भेळ तेल मुलाची हिरडी भाजतें, आणि पोटांत गेल्यास थोड्या प्रमाणांतही लहान मुलाला घातक ठरूं शकतें. मशेरी तर लावूंच नये. तो तंबाखू आहे. गालाला शेक देण्यापेक्षां फडक्यांत गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटें धरणें बरें. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या ज्याला चूळ थुंकतां येते त्या मुलालाच, आणि त्याही दुसऱ्या दिवसापासून. रात्रीं उशी थोडी उंच असावी. आणि गोष्ट सांगावी. हा उपाय हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. मन दुसरीकडे गुंतलें असतां मुलांना वेदना कमी जाणवते, हें अनेक प्रयोगांतून दिसून आलें आहे.

उलटपक्षीं दर दहा मिनिटांनीं "दुखतंय का रे?" असें विचारलें, तर त्याचें लक्ष दाढेकडेच बांधलें जातें. विचारावयाचें तें औषधाच्या वेळीं, एकदांच, आणि किती दुखतें तें विचारावें. तीन-चार वर्षांच्या मुलाला शब्द सांपडत नाहींत. त्याच्यासाठीं हंसऱ्या चेहऱ्यापासून रडव्या चेहऱ्यापर्यंत सहा चेहऱ्यांचें एक चित्र अमेरिकेंतील डॉना वाँग आणि कॉनी बेकर यांनीं तयार केलें, आणि तें रुग्णालयांतून सर्वत्र वापरलें जातें. घरच्या पाटीवर काढलेले चेहरेही चालतात. मुलानें बोट ठेवलेला चेहरा खरा मानावा. तें उगाच करतें आहे असा निकाल देण्याची घाई करूं नये. गप्प राहणाऱ्या मुलाकडे तर अधिक लक्ष हवें : न खाणें, एका बाजूनेंच चावणें, खेळ सोडून पडून राहणें, झोपेंत कण्हणें, हीं त्याचीं बोलणीं होत.

त्याच्याशीं बोलतांना खोटें मात्र सांगूं नये. "अजिबात दुखणार नाहीं" असें सांगितलें आणि दुखलें, तर पुढचें कोणतेंच आश्वासन तें मानीत नाहीं. "झोप उतरल्यासारखं होईल, थोडं ठणकेल, म्हणून आधीच औषध घेऊ या" एवढें पुरतें. आणि इतर वेळीं "हट्ट केलास तर डॉक्टर सुई टोचतील" ही धमकी घरांतून हद्दपार करावी. जो धाक म्हणून वापरला, त्याच्याच खुर्चीत मुलानें हंसत बसावें ही अपेक्षा अजब आहे.

एवढें करूनही कांहीं मुलांचें दुखणें मार्ग सोडतें, आणि तीं लक्षणें घरांतील प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावींत. तिसऱ्या दिवसानंतर कळ कमी होण्याऐवजीं वाढूं लागली, हिरडीवर पुटकुळी आली, दांत उंच लागून मूल तोंड मिटेनासें झालें, तर दंतवैद्याकडे त्याच दिवशीं जावें. गाल किंवा डोळ्याखालची जागा सुजली, ताप चढला, तर दुसरा दिवस उजाडण्याची वाट पाहूं नये. आणि सूज जबड्याखालीं उतरून गिळणें जड जात असेल, लाळ गळत असेल, तोंड उघडत नसेल किंवा श्वासाला अडथळा होत असेल, तर दंतवैद्याचा दवाखाना उघडण्याची वेळ न पाहतां, मध्यरात्र असली तरी, मुलाला तडक मोठ्या रुग्णालयांत न्यावें, आणि जातांना औषधांच्या वेळा लिहिलेला तो कागद बरोबर घ्यावा.